साडेचार भागिले दीड

माझ्या वडिलांना गणित शिकवता येतं, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. तोपर्यंत माझी समजूत अशी होती की त्यांना गणित येतं, पण शिकवता येत नाही. अशी माणसं असतात, त्यात त्यांचा दोष नसतो, असं म्हणत मी पुष्कळ वर्षं काढली. ती समजूत बरी होती. तिच्या आधारावर मी त्यांच्याशी निदान बोलत तरी होते.

मी पाचवीत असताना आम्ही येरवड्याच्या सरकारी वसाहतीत राहायचो. पप्पा एका सरकारी कार्यालयात लिपिक होते. संध्याकाळी ते आले, चहा झाला, की पेपर उघडायचे आणि पेपराआडून मला गणित घालायचे. तोंडी. पुस्तकातली उदाहरणं त्यांना चालत नसत, कारण त्यांची उत्तरं मागे छापलेली असतात. मी खाली सतरंजीवर, मांडीवर पाट घेऊन, त्यावर ऑफिसातून आलेले पाठकोरे कागद. त्यांचा आवाज पेपराच्या पलीकडून यायचा. चेहरा दिसायचा नाही, आणि न दिसलेलाच बरा असायचा.

दशांश अपूर्णांकांचा भागाकार नुकताच सुरू झाला होता. नियम त्यांनी मला घोकून पाठ करायला लावला होता. भाजकातलं दशांश चिन्ह उजवीकडे सरकवायचं, भाज्यातलंही तेवढीच घरं सरकवायचं, मग साधा भागाकार करायचा. का सरकवायचं, हे मी एकदा विचारलं होतं. "सरकवल्यावर उत्तर बरोबर येतं ना? मग झालं तर," असं ते म्हणाले होते. त्यानंतर मी 'का' विचारणं सोडून दिलं.

त्या दिवशी ते म्हणाले, "साडेचार भागिले दीड."

आमच्या घरात सगळं पाव, अर्धा, सव्वा, दीड यातच बोललं जायचं. दूध दीड लिटर, डाळ सव्वा किलो. पण साडेचार हा आकडा टिंब देऊन लिहिलेला मी तोवर एकाच ठिकाणी पाहिला होता. शाळेच्या वेळापत्रकात. शाळा साडेपाचला सुटायची, तिथे ५.३० लिहिलेलं असायचं. शेवटची छोटी सुट्टी साडेचारला, तिथे ४.३०. मी काहीही मनाचं लिहिलं नाही, डोळ्यांनी पाहिलेलं तेच कागदावर उतरवलं: ४.३० भागिले १.३०. दोन्हीकडची चिन्हं दोन-दोन घरं सरकवली. चारशे तीस भागिले एकशे तीस. नियम अगदी चोख पाळला होता.

तीनदा भाग गेला, बाकी चाळीस. शून्य घेतलं, पुन्हा तीन, बाकी दहा. मग शून्य, मग सात, मग सहा, मग नऊ, मग दोन. आणि बाकी पुन्हा चाळीस. मी पुढे भागत गेले, तर परत तीन, शून्य, सात, सहा, नऊ, दोन. पुन्हा चाळीस. मी थांबून कागदाकडे बघत बसले. तेच आकडे, त्याच क्रमाने, न चुकता परत येत होते. मला इतका आनंद झाला होता की काय सांगू. हे असं काही असतं, हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. ते मला सापडलं होतं.

"पप्पा, आकडे फिरून फिरून तेच येतायत," मी म्हटलं. "बाकी शून्य येणारच नाही."

पेपर खाली आला नाही. "साडेचारला दीडने पूर्ण भाग जातो. शून्य आल्याशिवाय उठायचं नाही."

"पण पप्पा, चाळीस परत आला की पुढे तेच..."

"उठायचं नाही म्हटलं ना."

मग मी भागत बसले. एक कागद संपला, दुसरा घेतला. मला पक्कं माहीत होतं की शून्य येणार नाही, आणि वडील सांगत होते की येणार. वडील चुकत असतील हे त्या वयात डोक्यात शिरत नाही. आईने ताटं घेतली. "अहो, भात निवतोय. जेवू द्या की तिला," ती म्हणाली. "जेवेल. बाकी शून्य आली की जेवेल," पप्पा म्हणाले. आईने माझ्या ताटावर दुसरं ताट झाकलं आणि ती मोरीकडे गेली. तिला तेवढंच जमायचं.

शेवटी शेजारचे काका पेपर मागायला आले, म्हणून पप्पांचा पेपर खाली आला आणि त्यांची नजर माझ्या कागदावर पडली. त्यांनी कागद उचलला, एकदा पाहिलं आणि हसले. काकांना दाखवत म्हणाले, "हे बघा, आमची कन्या घड्याळ लावून भागाकार करते. साडेचारला चहा, दीडला जेवण." काकाही हसले. माझं पोट रिकामं होतं आणि डोळे भरून आले होते. "आता रडतेस काय? जेव जा," पप्पा म्हणाले.

नेमकी चूक कुठे झाली, हे त्यांनी सांगितलं नाही. तेव्हाही नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. शाळेत बाईंनी फळ्यावर साडेचार म्हणजे ४.५ असं लिहिलं तेव्हा मला कळलं, आणि कळल्यावर शरम वाटली, जणू सगळ्या वर्गाला हे आधीपासून माहीत होतं. कदाचित नसेलही. मी विचारलं नाही.

पप्पांना मात्र त्या दिवशी एक किस्सा मिळाला. पुढची कितीतरी वर्षं त्यांनी तो पुरवून पुरवून वापरला. घरी कुणी आलं की मला हाक. "या घड्याळबाई, पाहुण्यांना सांगा, साडेचार भागिले दीड किती?" पाहुणे हसायचे, मीही हसायचे, कारण न हसलं तर 'तोंड कशाला पाडलंस' हे वेगळं ऐकावं लागायचं. माझ्या लग्नात त्यांनी तो जावयाला सांगितला. "हिच्याकडे घरचा हिशोब देऊ नका," असं वर जोडून. नवरा भला माणूस, तोही शिष्टाचार म्हणून हसला.

हे नुसतं हसण्यावारी राहिलं असतं तर मी आज हे लिहीत बसले नसते. दहावीला गणितात मला चांगले गुण होते. उत्तम नव्हेत, पण चांगले. मला विज्ञान शाखेत जायचं होतं. मी तसं म्हटल्यावर ते म्हणाले, "घड्याळ बघून इंजिनियर होणार का?" आणि मी कला शाखेला गेले. त्यांनी मला ढकललं नाही, दारही लावलं नाही. तेवढं एक वाक्य पुरलं, कारण तोपर्यंत माझाही त्याच्यावर विश्वास बसला होता. आज मी खराडीत एका कंपनीत दिवसभर ग्राहकांच्या तक्रारींना गोड उत्तरं लिहिते. पगार वेळेवर होतो. पण आकड्यांची ती फेरी मला अजून पाठ आहे आणि तिचं मी पुढे काहीच केलं नाही, हे कधीकधी फार लागतं.

त्यांची बाजू मला माहीत नाही असं नाही. आमच्या घराण्यात ऑफिसात टेबल मिळालेला तो पहिला माणूस. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा पप्पांचा जन्मही झाला नव्हता, पण त्या दिवसाचं ओझं त्यांच्या खांद्यावर आयुष्यभर होतं. विभागीय परीक्षा त्यांनी नोकरी सांभाळून दिल्या. त्यांच्या कागदात कुठे चूक निघते याची वाट बघणारी माणसं त्यांच्या शेजारच्याच टेबलांवर बसायची. दुसरा कुणी चुकला तर तो एकटा चुकायचा. हे चुकले तर 'यांचं असंच' म्हणून सगळ्या समाजाचं नाव निघायचं. "आपल्याला चुकायची मुभा नाही," हे ते आईला सांगायचे, मला सांगायचे, विहारात भेटणाऱ्या पोरांनाही सांगायचे. ते खरंच होतं. मला ते समजतं. समजलं की राग जातो, असं मात्र कुणी मला सांगू नये.

मला त्यांच्याकडून एकच गोष्ट ऐकायची होती. त्या दिवशी तू मठ्ठ नव्हतीस, एवढंच. माफी नको, कवटाळणं नको. आमच्याकडे तसलं काही होतही नाही.

आई गेली आणि पप्पा आमच्याकडे धायरीला राहायला आले. दोन पिशव्या, एक पेटी, औषधांचा डबा. आल्या दिवशीच मी त्यांना म्हटलं, "पप्पा, तुम्ही हिला मराठी शिकवा, इतिहास शिकवा, वंदना शिकवा. गणित शिकवायचं नाही." ही म्हणजे माझी मुलगी. तेव्हा ती सहावीत गेली होती, सेमी-इंग्लिशला. पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाले. का, ते विचारलं नाही. मला वाटलं, कळलं असेल. तेव्हा मला बरं वाटलं होतं, हे आता लिहिताना हसू येतं.

गणितासाठी मी तिला सोसायटीतल्याच एका ताईंच्या शिकवणीला घातलं. त्या ताईंकडे वेळ कमी आणि मुलं जास्त. दशांशाचा भागाकार सुरू झाला आणि मुलगी घरी येऊन रडू लागली. "मम्मी, भागल्यावर आन्सर मोठं कसं येतं? डिव्हाइड केलं की कमी व्हायला पाहिजे ना?" ताईंनी सांगितलं होतं, पॉइंट सरकव आणि गप्प भाग. मी तिला समजावायला बसले, पण माझ्याच तोंडातून तोच नियम बाहेर येऊ लागला. भाजकातलं चिन्ह उजवीकडे सरकवायचं. दुसरं काही मला कुणी दिलंच नव्हतं. तिचा चेहरा उतरत गेला आणि मी वही मिटली.

त्यानंतर काही दिवसांनी कंपनीत सर्व्हर बंद पडला आणि आम्हाला दुपारीच सोडलं. खराडीहून धायरी म्हणजे शहराचं एक टोक ते दुसरं, तरी मी रोजच्यापेक्षा बरीच लवकर पोहोचले. किल्लीने दार उघडलं तर हॉलमधून पप्पांचा आवाज आला.

"साडेचार फरशा लांब सुतळी आहे. दीड-दीड फरशीचे तुकडे करायचेत. किती होतील? आधी कागदावर मांड, मग कापू."

मी चपला काढता काढता थांबले. गणित शिकवायचं नाही म्हणून बजावलेलं होतं. हातातली पिशवी खाली ठेवून मी आत जायला निघाले. काय बोलायचं ते ठरलेलं होतं, कित्येक वर्षांपासून ठरलेलं होतं. हॉलच्या दाराशी आले तर दोघंही माझ्याकडे पाठ करून जमिनीवर बसलेले. पप्पा, गुडघे दुखतात म्हणून एरवी खुर्चीवरून न उठणारे, चक्क फरशीवर पाय पसरून. पुढ्यात सुतळी, कात्री. मुलगी वहीत लिहीत होती. मला तिच्या खांद्यावरून दिसलं, तिने ४.३० लिहिलं, आणि पुढे १.३०.

मी जागच्या जागी थिजले. आता ते हसणार, हे मला माहीत होतं.

ते हसले. पण ते हसू मी कधी ऐकलेलं नव्हतं. "अरे वा," ते म्हणाले. "हे तीस कुठून आणलेस?"

"साडेचार म्हणजे फोर थर्टी ना, आजोबा?"

"घड्याळात बरोबर आहे तुझं. तू डोकं चालवलंस, बेटा. आता मला सांग, घड्याळात एका तासाची मिनिटं किती?"

"सिक्स्टी."

"म्हणून अर्धा तास तीस. इथे आपण एका फरशीचे दहा भाग करतो. मग अर्धी फरशी म्हणजे किती भाग?"

"पाच." मग ती थांबली. "ओह. फोर पॉइंट फाइव्ह."

"आणि दीड?"

"वन पॉइंट फाइव्ह."

झालं. एवढंच होतं ते. चहा गाळायला लागतो तेवढ्या वेळात होण्यासारखं काम.

मग त्यांनी तिला सुतळी मोजायला लावली, कापायला लावली. तीन तुकडे झाले. मग तेवढीच नवी सुतळी पसरून ते म्हणाले, "आता अर्ध्या-अर्ध्या फरशीचे कर." ती कापत गेली, तुकडे जमत गेले. "नऊ," ती म्हणाली, आणि मग हळूच, "साडेचारला भागलं आणि नऊ आले. म्हणजे तुकडा छोटा केला की नग जास्त होतात." पप्पांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "हे तुला कुणी सांगितलं नाही. तुझं तुला सापडलं," ते म्हणाले.

मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभी राहिले. मुलीला समजलं याचा आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही होता. पण त्याच्यावर दुसरं काहीतरी चढत होतं. यांना येत होतं. सगळं येत होतं. डोक्यावर हात कधी ठेवायचा, हेसुद्धा. म्हणजे मला दिलं नाही ते नव्हतं म्हणून नव्हे, तर होतं आणि दिलं नाही. मला त्या क्षणी माझ्याच मुलीचा हेवा वाटला. असं वाटू नये, पण वाटला.

जेवायला बसलो तेव्हा मुलगीच बापाला सांगू लागली, आपण कसं फोर थर्टी लिहिलं, आजोबांनी कसं समजावलं. पप्पा कौतुकाने ऐकत होते. "चूक नव्हतीच ती," ते जावयाला म्हणाले. "तर्क होता. पोरगी हुशार आहे."

मी भाकरी मोडत म्हटलं, "पप्पा, मीपण हेच लिहिलं होतं. पाचवीत. हेच गणित."

मला वाटलं होतं ते गप्प होतील. आठवत नाही म्हणतील. दोन्हींपैकी काहीही चाललं असतं. त्यांना सगळं आठवत होतं.

"तुझं वेगळं होतं," ते म्हणाले.

"काय वेगळं होतं?"

"तू अंदाजपंचे लिहिलं होतंस. हिने विचार केला." मग त्यांनी माझ्या मुलीकडे वळून डोळा मिचकावला. "तुझी आई ना, साडेचारला चहा आणि दीडला जेवण धरून भागाकार करत बसली होती. कागदावर कागद. बाकी शून्य यायची वाट बघत. आम्ही तिला घड्याळबाई म्हणायचो."

मुलगी हसली. मनापासून, तोंडातला घास सांभाळत. "घड्याळबाई," ती म्हणाली आणि पुन्हा हसली. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि ताटात बघू लागला.

मला बोलता आलं असतं. कागद भरले कारण तुम्ही उठू दिलं नाहीत. आकडे फिरून येतात हे मी तुम्हाला सांगितलं होतं आणि तुम्ही पेपर खाली केला नाहीत. ते वाक्य ओठांपर्यंत आलं होतं. पण समोर ती बसली होती, आणि कितीतरी दिवसांनी गणिताचं नाव निघूनही रडत नव्हती. तिच्या आजोबांना मी त्या ताटावर उघडं पाडलं असतं तर उद्या ती त्यांच्यापुढे सुतळी घेऊन बसली नसती. ती बसावी, असंच मला हवं होतं. त्यासाठीच तर एवढी राखण केली होती. मी भाकरीचा तुकडा तोंडात घातला.

गणित शिकवायचं नाही, ही अट मी काढून घेतली. तसं सांगावं लागलं नाही, दुसऱ्या दिवसापासून दोघं रोज बसू लागले.

रविवारी सकाळी मी चहाचा कप घेऊन तिची वही चाळत बसले होते. पानांवर पप्पांच्या अक्षरात जागोजागी 'शाब्बास' लिहिलेलं होतं. मुलगी माझ्या मागे येऊन उभी राहिली. मी किती वेळ एकाच पानाकडे बघत होते कुणास ठाऊक. तिने माझ्या गळ्यात हात टाकले आणि अगदी समजुतीच्या सुरात म्हणाली, "मम्मी, तुला नसेल येत तर लाजू नको. आजोबांना विचार ना. ते अजिबात ओरडत नाहीत."